इगतपुरीचे दहा दिवस आणि घरचा पाऊण तास

विपश्यनेच्या, म्हणजे शरीरावरच्या संवेदना तटस्थपणे पाहायला शिकवणाऱ्या ध्यानपद्धतीच्या, दहा दिवसांच्या शिबिराचा अर्ज चांगला लांबलचक असतो आणि त्यातले बरेचसे प्रश्न प्रकृतीविषयीचे असतात. कोणता आजार आहे, कोणती औषधे चालू आहेत, मानसोपचार घेतले आहेत का, कसले व्यसन आहे का, याआधी कोणती ध्यानपद्धती केली आहे, हे सारे तपशिलात विचारलेले असते. मी रक्तदाबाची गोळी लिहिली, निद्रानाश लिहिला आणि पूर्वीच्या साधनेपुढे ‘अधूनमधून नामजप’ असे लिहून अर्ज पाठवून दिला. अध्यात्माची ओढ वगैरे मला कधीच नव्हती. राज्य शासनाच्या एका कार्यालयात लेखा शाखेत माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि पहाटे तीनला जाग येऊन लेखापरीक्षणातल्या आक्षेपांना मनातल्या मनात उत्तरे लिहीत पडून राहायचे, ही सवय तिथेच जडलेली होती. ती उत्तरे सकाळी आठवतही नसत. चिडचिड मात्र दिवसभर पुरायची आणि घरच्यांच्या वाट्याला यायची.

शिबिराचे घरी सांगितले तेव्हा सासूबाईंनी वाटाणे सोलता सोलता हात थांबवून विचारले, “अगं, दहा दिवस न बोलता? तू?” प्रश्न रास्त होता. यजमानांनी स्वयंपाकघर सांभाळायचे कबूल केले. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी परिवर्तित रजा घेता येते, त्यामुळे कार्यालयातही फारशी घासाघीस करावी लागली नाही.

जाण्यापूर्वी मी या पद्धतीची थोडी माहिती काढली, ती मुख्यतः आपण एखाद्या बुवाबाबाच्या नादी तर लागत नाही ना, एवढे पाहण्यासाठी. या परंपरेचे आचार्य सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे एका मारवाडी व्यापारी कुटुंबात झाला. त्यांना अर्धशिशीचा त्रास इतका तीव्र होता की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते डोकेदुखी जावी म्हणून, आणि नेमक्या याच कारणासाठी शिकवायला ऊ बा खिन यांनी नकार दिला. मनाचा मळ काढायला येत असशील तर ये, त्यात दुखणे गेले तर तो वरचा लाभ, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. माझ्या निद्रानाशालाही हेच उत्तर मिळणार, याचा अंदाज मला तेव्हाच आला. धीर आला तो दुसऱ्याच गोष्टीने. हे ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते, संसारी गृहस्थ होते आणि आपल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनाही ते ध्यान शिकवत. ताळेबंद आणि आक्षेप सांभाळून ज्या माणसाला हे जमले, त्याची पद्धत लेखा शाखेतल्या बाईला अगदीच परकी वाटणार नाही, असे मी ठरवून टाकले. गोयंका १९६९ साली भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत त्यांचे इथले पहिले शिबिर झाले आणि इगतपुरीच्या धम्मगिरी या केंद्रात १९७६ पासून शिबिरे भरत आहेत. २०१३ साली त्यांचे निधन झाले, तरी शिबिरातल्या सूचना आणि रात्रीची प्रवचने आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात ऐकवली जातात. सहायक आचार्य समोर बसलेले असतात आणि साधकांच्या शंका ऐकून घेतात.

मला जुलैमधली तारीख मिळाली. डोंबिवलीहून कसारा लोकल, तिथून घाट चढणारी शेअर टॅक्सी आणि इगतपुरीत उतरल्यावर रिक्षा, असा सगळा प्रवास धुक्यातून झाला. नोंदणीच्या वेळी मोबाईल, पाकीट, पुस्तके, वही-पेन सारे जमा करायचे असते. जपमाळ आणि पोथीसुद्धा, कारण या दहा दिवसांत दुसरी कोणतीही साधना, पूजा किंवा व्यायामप्रकार मिसळायचा नसतो. स्त्रियांचा आणि पुरुषांचा राहण्याजेवण्याचा भाग वेगळा असतो. शिकण्याचे, राहण्याचे आणि जेवणाचे कसलेही शुल्क घेत नाहीत. शिबिर पूर्ण केल्यावर ज्याला वाटेल त्याने दान द्यावे, आणि ज्याने एकही शिबिर पूर्ण केलेले नाही त्याचे दान स्वीकारलेच जात नाही. सगळा खर्च आधीच्या साधकांच्या दानातून चालतो, हे कळल्यावर पहिल्या दिवशी ताटात अन्न टाकायची हिंमत कुणाची झाली नसावी. संध्याकाळी हलके जेवण झाले, नियम पुन्हा एकदा वाचून दाखवण्यात आले, पंचशीलाची, म्हणजे सदाचाराचे पाच नियम पाळण्याची, दीक्षा झाली आणि त्या रात्रीपासून आर्य मौन सुरू झाले. आर्य मौनात बोलायचे नाही, एवढ्यावर भागत नाही. खुणा करायच्या नाहीत, चिठ्ठी लिहायची नाही, एकमेकींच्या नजरेला नजरही द्यायची नाही. अडचण असेल तर धर्मसेविकेला, म्हणजे शिबिराची व्यवस्था पाहणाऱ्या स्वयंसेविकेला, हळू आवाजात सांगता येते आणि साधनेविषयीचा प्रश्न दुपारी बारानंतर सहायक आचार्यांना विचारता येतो.

दिनक्रम पहाटे चारच्या घंटेने सुरू होतो. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता. आठ ते नऊ सभागृहात सामूहिक साधना, पुढे अकरापर्यंत पुन्हा ध्यान. अकराला जेवण आणि एकपर्यंत विश्रांती. एक ते पाच पुन्हा बैठक, त्यात अडीच ते साडेतीन सामूहिक. पाचला चहा, कुरमुरे आणि एखादे फळ. सहा ते सात सामूहिक साधना, त्यानंतर तासाभराहून थोडे अधिक प्रवचन, पुन्हा थोडे ध्यान आणि साडेनऊला दिवे बंद. दिवसाचे दहा तासांहून अधिक असे बसून जातात. नव्या साधकांना संध्याकाळचे फळ तरी मिळते. आधी शिबिर केलेल्यांना आठ शीलांचे पालन करायचे असल्याने दुपारनंतर ते काही खात नाहीत, लिंबाच्या पाण्यावर राहतात. मला भुकेचा त्रास झाला नाही. त्रास दिला तो इगतपुरीच्या पावसाने. दोरीवर टाकलेली कुडती तिसऱ्या दिवशीही तशीच दमट हाताला लागे. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी कपड्यांचे जादा जोड न्यावेत, हा माझ्याकडून मिळू शकणारा सर्वांत खात्रीचा सल्ला आहे.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान असते, म्हणजे येणारा-जाणारा श्वास जाणणे. सांगायला हे दोन वाक्यांत सांगता येते. पाठ आणि मान ताठ ठेवून सोयीच्या आसनात बसायचे, डोळे आणि तोंड मिटायचे, लक्ष नाकपुड्यांच्या दाराशी ठेवायचे आणि श्वास जसा आहे तसा जाणायचा: आत येतो आहे, बाहेर जातो आहे, डाव्या नाकपुडीतून की उजव्या, लांब की आखूड. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही. हा प्राणायाम नव्हे, हे पुन्हा पुन्हा बजावले जाते. श्वास इतका मंद झाला की कळेनासाच झाला, तर दोन-चार श्वास जरा जोराने घ्यायचे आणि पुन्हा नैसर्गिक श्वासावर यायचे. सोबत कोणताही शब्द, नाम, मंत्र किंवा आकृती घ्यायची नाही, आणि मला सगळ्यात अवघड गेले ते हेच. लहानपणापासून डोळे मिटले की ‘श्रीराम जयराम’ आपोआप सुरू व्हायची सवय. श्वासाबरोबर तो ठेका असा काही जुळून येई की मी श्वास पाहते आहे की जप करते आहे, हे मलाच कळेना. दुपारी आचार्यांना विचारले. नामाने मन लवकर एकाग्र होते हे खरे आहे, पण इथे पुढे शरीरावरच्या बारीक संवेदना पकडायच्या आहेत आणि शब्दाच्या कंपनात त्या झाकल्या जातात, म्हणून या दहा दिवसांपुरते नाम बाजूला ठेवा, असे त्यांनी सांगितले. जपाला कुणी नावे ठेवली नाहीत आणि कारणही पटण्याजोगे दिले, त्यामुळे माझ्या मनातला विरोध तिथेच मावळला.

मन पळते, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. किती पळते, ते पहिल्या दिवशी समजते. दोन श्वास जेमतेम पाहिले की मी कार्यालयात असे, नाहीतर नणंदेच्या लग्नात झालेल्या मानापमानात, ज्याला आता वीस वर्षे उलटून गेली आहेत आणि नणंद स्वतःही ते विसरून गेली आहे. सूचनेत सांगतात की मन पळाल्याचे कळले की त्याच्यावर चिडायचे नाही. हसतमुखाने पुन्हा श्वासापाशी यायचे. या साधनेचा खरा व्यायाम या परत येण्यातच आहे, असे मला आता वाटते. मन किती वेळ टिकले, यापेक्षा ते गेल्याचे किती लवकर कळले, याला तिथे मोल आहे. पहिल्या दिवशी मी भांडणाचे अख्खे नाटक शेवटच्या अंकापर्यंत पाहून मगच परतत असे. तिसऱ्या दिवशी पडदा वर जाता जाताच ध्यानात येऊ लागले. रोज लक्षाची जागाही लहान होत जाते. आधी नाकासकट वरच्या ओठापर्यंतचा त्रिकोणी भाग असतो, आणि तिसऱ्या दिवशी नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वरची बोटभर जागा उरते. तिथे काय जाणवते, एवढेच पाहायचे. मला आधी काहीच जाणवत नव्हते. मग गार स्पर्श जाणवला, मग खाज, आणि एका दुपारी त्या जागेवर बारीक धडधड जाणवू लागली, जी तिथे आयुष्यभर असणार आणि मला कधी कळली नव्हती.

याच दिवसांत माणसे सोडून जायला निघतात. दुसरा आणि सहावा दिवस कठीण असतो, असे प्रवचनातही सांगतात. माझ्या ओळीतली एक तरुण मुलगी दुसऱ्या रात्री रडत होती. सकाळी आचार्यांशी बोलून आली आणि पुन्हा आपल्या आसनावर बसली. माझी अडचण कमी नाट्यमय होती. माझ्या मागे बसणाऱ्या बाईंना दर पाच मिनिटांनी मोठी ढेकर येई. मौनामुळे त्यांच्याकडे वळून पाहायचीही सोय नव्हती. त्या ढेकरेची वाट पाहत मी जेवढी एकाग्र झाले, तेवढी श्वासावर झाले असते तर फार पुढे गेले असते.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते. आता लक्ष डोक्याच्या टाळूपासून सुरू करून एकेका अवयवावरून क्रमाने पायाच्या बोटांपर्यंत न्यायचे आणि वाटेत जी संवेदना भेटेल ती नुसती जाणायची: उष्णता, गारवा, कपड्याचा स्पर्श, घाम, खाज, दुखणे, मुंग्या, बधिरपणा, काहीही. सुखद असेल तर तिला धरून ठेवायचे नाही, दुःखद असेल तर ढकलायची नाही. जी आली आहे ती बदलणारच आहे, ‘अनित्य’ आहे, हे ध्यानात ठेवून पुढे सरकायचे. नंतर डोक्यापासून पायापर्यंत आणि पायापासून डोक्यापर्यंत असे दोन्ही दिशांनी फिरायचे, पुढे दोन्ही हात, दोन्ही पाय एकदम पाहायचे. यामागचा विचार प्रवचनात उलगडून सांगतात. बाहेर काही घडते, त्याबरोबर शरीरावर संवेदना उमटते, आणि मन ‘मला हवे’ किंवा ‘मला नको’ असा प्रतिसाद देते तो मुळात त्या संवेदनेला. शिवी देणाऱ्यावर आपण चिडतो असे आपल्याला वाटते, पण शिवीने छातीत जी जळजळ उठते ती सहन न होऊन आपण उलट बोलतो. तेव्हा त्या पातळीवर थांबायला शिकले, तर पुढची साखळी तिथेच तुटते.

त्याच दिवसापासून रोजच्या तीन सामूहिक बैठकांना अधिष्ठान म्हणतात. तासभर हात, पाय आणि डोळे उघडायचे नाहीत, बैठक बदलायची नाही. ज्यांचे गुडघे खरोखर निकामी आहेत त्यांना खुर्ची मिळते. माझे तेवढे निकामी नव्हते. पहिल्या अधिष्ठानात अर्ध्या तासानंतर उजवा गुडघा असा काही पेटला की तासाच्या शेवटी वाजणाऱ्या पदांची मी जिवाच्या आकांताने वाट पाहत बसले. शेवटच्या पाच मिनिटांत गोयंकांच्या आवाजातले दोहे सुरू होतात आणि सुटका जवळ आल्याचे कळते. पण शिकवण नेमकी कशाविषयी आहे हे मला गुडघ्याने शिकवले नाही. शिकवले ते एका खाजेने. सहाव्या दिवशी दुपारी डाव्या कानाच्या पाळीवर डास बसला असावा. आधी सुईसारखी टोच लागली, मग त्याभोवती उष्णता पसरली, मग ती सारी जागा इतकी वळवळू लागली की माझा हात मांडीवरून उठला आहे असे वाटून मी मनातच तो तपासून पाहिला. तो जागेवर होता. मी खाजेकडे पाहत राहिले. तिला कडा होत्या, आणि कडांपेक्षा मधला भाग जास्त गरम होता. थोड्या वेळाने ती मानेकडे सरकली, पातळ झाली, परत एकदा भडकली, आणि मी तिच्या पुढच्या चालीची वाट पाहत असताना ती तिथे नव्हतीच. न खाजवता खाज जाते ही काही महान गोष्ट नव्हे. पण ‘खाजवलेच पाहिजे’ ही जी आतून सक्ती होती, तिच्याशिवाय निभावले, हे मी पहिल्यांदा अंगावर अनुभवले. गुडघा दुखायचा थांबला नाही. त्यातले दुखणे किती आणि ‘हे कधी संपणार’ ही ओरड किती, एवढे मात्र वेगळे दिसू लागले, आणि ओरडीचा वाटा बराच मोठा निघाला.

सगळ्याच गोष्टी मला पटल्या असे नाही. पूर्वजन्म, जन्मोजन्मीचे संस्कार यांविषयी प्रवचनात जे येते, त्यावर मी गप्प राहिले. मौन असल्याने तसेही गप्पच होते. गोयंका स्वतःच सांगतात की जे बुद्धीला पटत नाही ते बाजूला ठेवा, खीर आवडली पण त्यातला वेलदोड्याचा काळा दाणा खडा वाटला, तर दाणा काढून ठेवा आणि खीर खा. माझ्यापुरता मी तो दाणा बाजूला काढून ठेवला. प्रवचने रंगतदार असतात, हे मान्य केले पाहिजे. दिवसभर शब्द न ऐकलेल्या माणसाला संध्याकाळी सातचे ते प्रवचन सणासारखे वाटते. एवढ्या कडक शिस्तीत हे शिकवणे कोणत्या लोकांना झेपते, असा प्रश्न मला पडला होता. त्याचे एक उत्तर तुरुंगांत मिळते. जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात १९७५ साली कैद्यांचे शिबिर झाले आणि १९९४ साली तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैदी एकाच वेळी बसले. त्यांना झेपले, तर रजा घेऊन आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याने गुडघ्याची तक्रार बेतानेच करावी.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री शिकवतात. मिळालेल्या शांतीत सगळ्यांचा वाटा असो, अशी ती भावना असते. त्यानंतर मौन सुटते. सभागृहाबाहेर पडताच बायकांनी जो काही गलका केला, तो ऐकून माझे डोके दुखू लागले, आणि पाचव्या मिनिटाला मीही त्यात सामील होते. ढेकर देणाऱ्या बाई साताऱ्याच्या निघाल्या, फार लाघवी होत्या, आणि माझ्या सततच्या चुळबुळीमुळे त्यांचे ध्यान मोडत होते, असे त्यांनी मला हसत हसत सांगितले. मौन एकदम घरी जाऊन सुटण्यापेक्षा एक दिवस आधी सोडतात, ही व्यवस्था शहाणपणाची आहे. अकराव्या दिवशी पहाटेचे शेवटचे प्रवचन, खोलीची साफसफाई आणि नाश्ता झाला की शिबिर संपते.

घरी गेल्यावर रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसावे, असे सांगून निरोप देतात. नोकरी, लोकल आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या बाईला दोन तास काढणे जमत नाही, हे पहिल्या आठवड्यातच स्पष्ट झाले. संध्याकाळच्या तासात मी हमखास डुलक्या घेई. तेव्हा मी सकाळ धरून ठेवली. सव्वापाचला उठायचे, तोंड धुऊन, चहा न घेता, हॉलच्या कोपऱ्यातल्या ठरलेल्या चटईवर उशी घेऊन बसायचे. पहिली दहा-पंधरा मिनिटे आनापान आणि उरलेला अर्धा तास विपश्यना, असा पाऊण तास. जागा आणि वेळ बदलली की मन रोज नव्याने वाटाघाटी करते, हा माझा ठाम अनुभव आहे. जेवल्यावर बसू नये, अंथरुणात बसू नये, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. कालच्यासारखी शांत बैठक आज लागावी, अशी अपेक्षा धरली की ती बैठक हमखास वाया जाते, कारण सगळा वेळ मग तुलनेतच जातो. रात्री झोपताना पाच मिनिटे पडल्या पडल्या श्वास पाहते, त्याला मी साधना म्हणत नाही, पण ते उपयोगी पडते. शिवाय शक्य होईल त्या रविवारी जवळच्या सामूहिक साधनेला जाते. गोराईच्या पॅगोडात, जिथल्या खांब नसलेल्या घुमटाखाली सुमारे आठ हजार माणसे बसू शकतात, जुन्या साधकांसाठी एक दिवसाची शिबिरे होतात. तिथेही अधूनमधून जाऊन येते. एकटीने बसताना तिसाव्या मिनिटाला घड्याळाकडे जाणारी नजर माणसांत बसले की जात नाही.

फायदा काय झाला, असे लोक थेट विचारतात. रक्तदाबाची गोळी आजही चालू आहे. डॉक्टरांना न विचारता ती थांबवण्याचा विचारही कुणी करू नये. पहाटे तीनची जाग पूर्णपणे गेलेली नाही, पण ती आली की आक्षेपांची उत्तरे लिहिण्याऐवजी मी पोटावरचा श्वासाचा चढउतार किंवा पायांतली उष्णता पाहते आणि बहुतेक वेळा पुन्हा झोप लागते. लागली नाही तरी ‘झोप लागत नाही’ म्हणून होणारी तडफड उरलेली नाही. मोठा फरक पडला आहे तो कार्यालयात. मार्चअखेरीस एक मोठे देयक क्षुल्लक आक्षेप लावून परत आले. पूर्वी मी तो कागद हातात येताच फोन उचलला असता. त्या दिवशी कागद वाचताना कानशिले तापल्याचे, जबडा घट्ट मिटल्याचे आणि श्वास वरवर चालल्याचे मला जाणवले. राग आला आहे हे त्यामागून कळले. मी दोन-तीन मिनिटे ती कानशिलेच पाहत बसले. मग आक्षेप पुन्हा वाचला, जोडपत्र जोडले आणि फोन केला तो तारीख विचारायला. राग आला नाही असे मुळीच नाही. तो आल्याचे बोलण्याआधी कळले, आणि दहापैकी चार-पाच वेळा तरी आता तसे कळते. उरलेल्या वेळी मी पूर्वीसारखीच बोलते, असे यजमान सांगतील.

संशोधन जे सांगते, तेही साधारण याच मापाचे आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात २०१४ साली ४७ चाचण्यांचा आणि त्यातल्या ३,५१५ सहभागी व्यक्तींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सजगतेवर आधारलेल्या ध्यानवर्गांनी चिंता, नैराश्य आणि वेदना काही प्रमाणात कमी होतात, याला त्यात मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. झोप, वजन किंवा एकाग्रता सुधारते असे म्हणायला पुरेसा आधार मिळाला नाही, आणि औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस ठरते असेही दिसले नाही. माझ्या झोपेचा अनुभव म्हणूनच मी कुणाला पुरावा म्हणून सांगत नाही. ध्यानाने मधुमेह पळतो, कर्करोग बरा होतो, असे संदेश सकाळ-सकाळी पाठवणाऱ्यांनी हा आढावा एकदा जरूर वाचावा.

तसेच, हे शिबिर सगळ्यांसाठी आहे असेही मी म्हणणार नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी, नुकत्याच मोठ्या धक्क्यातून गेलेल्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दहा दिवसांच्या मौनात उतरू नये; अर्जातले ते प्रश्न त्यासाठीच असतात आणि त्यांची उत्तरे खरी द्यावीत. ज्यांना दहा दिवस काढणे शक्य नाही, त्यांनी निदान आनापानापासून सुरुवात करावी. दहा मिनिटांच्या आनापानाची ध्वनिफीत याच परंपरेने सर्वांसाठी मोफत उपलब्ध करून दिलेली आहे. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांमधून मुलांनाही तेवढेच शिकवले जाते. विपश्यना मात्र शिबिरातच शिकावी, आपण शिकलो म्हणून दुसऱ्याला घरी शिकवायला बसू नये, अशी ताकीद आम्हाला आहे आणि ती मी पाळते. रविवारच्या सामूहिक साधनेलाही शिबिर केलेल्यांनाच येता येते. त्यामुळे सासूबाईंना मी तिकडे नेऊ शकत नाही. त्या सध्या घरीच ध्वनिफीत लावून दहा मिनिटे खुर्चीत बसतात आणि ती संपली की, “पाहिला बाई तुझा श्वास, आता जरा माझ्या रामाकडे पाहू दे,” असे म्हणून माळ हातात घेतात.